विभाग एकेचाळीस

सकाळी सहापासून चौकाच्या कडेला
प्लास्टिकच्या खुर्चीत मी.
मांडीवर फळी, फळीवर फॉर्म,
चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी:
मोटार, टॅक्सी, ट्रोट्रो, सिमेंटचा ट्रक, लाकडाचा ट्रक.
साखळीनं जखडलेले ओंडके जातात,
मागे ओल्या सालीचा वास रेंगाळतो,
त्याला रकाना नाही.

हार्मॅटनची धूळ दहापर्यंत खाली बसत नाही.
तोवर कुमासीचा सूर्य
दुधात पडलेल्या नाण्यासारखा.

ओफोसुहेने साहेब म्हणाले होते, नुसतं मोजू नकोस, विचार.
कुठून निघालात? कुठे चाललात?
शहराचे आम्ही साठ तुकडे पाडलेत.
उत्तर नंबरात लिहायचं.

लोक नंबरात बोलत नाहीत.
टायर लादलेला हातगाडीवाला म्हणाला,
निघालो होतो बोलगातांगाहून. चौदा वर्षं झाली.
काळ्या-तांबड्या कापडातल्या बायकांची बस:
मयताला चाललोय. परतायचं कधी ते त्याचे भाचे ठरवतील.
दारात लोंबकळणारा एक मेट ओरडला, केजेतिया! केजेतिया!
ते उत्तर होतं की गिऱ्हाइकांना हाक,
मी ठरवेपर्यंत गाडी गेली.

आणि अदिसा.
चवळी-भाताचा वाच्ये विकते, पानात गुंडाळून.
कुठून?
तिनं डावानं टपरीमागचं दार दाखवलं.
कुठे?
डाव पातेल्यात परत गेला.
एकेचाळीस ते एकेचाळीस, मी लिहिलं.

ऑफिसात कळलं, अशी फेरी कॉम्प्युटर धरत नाही.
जिथून निघाली त्याच विभागात जी संपते
ती रस्त्यावर येतच नाही, हिशेबापुरती.
पहाटे चारचा जाळ, पाण्याच्या अकरा बादल्या,
पोरीला शाळेच्या फाटकापर्यंत,
आजारी भावाला डबा, परत, पुन्हा पाणी:
शून्य.

भिंतीवर नकाशा. चार पाकळ्यांचा पूल,
वळणं अशी गुळगुळीत
की जणू या शहरात कुणी कधी चुकून वळलंच नाही.
रॅम्प ड, खांब सात: तिथे पातेलं आहे.
टपरीच्या फळीवर लाल रंगात आकडा आधीच पडलाय.

साहेबांना शिव्या घालता आल्या असत्या तर बरं झालं असतं.
पण त्यांच्या टेबलाच्या काचेखाली एक फोटो आहे,
शाळेच्या गणवेशातला धाकटा भाऊ.
याच चौकात. लाकडाचाच ट्रक.
ते बोलत नाहीत. रॅम्प डचा उतार
पुसतात, काढतात, पुसतात. साडेचार टक्के. मग चार.

जनसुनावणीला अदिसा आली,
माईक ओठांना टेकवून उभी राहिली.
भरपाईचं सगळ्यांचं विचारून झालं होतं.
तिनं विचारलं, दुपारी सावली कुठे पडेल?

लोक हसले. साहेब नाही.
त्यांनी पुढ्यातला कागद उलटा केला,
पेन्सिलीनं उंची, अंश, महिना. बराच वेळ.
एप्रिलात खांबाच्या पायाशी, म्हणाले.
जानेवारीत चार मीटर उत्तरेला.
आणि तिथे बसू देतील?
ते गणित त्यांच्याकडे नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सहाला मी खुर्चीत.
खांब नाही, पूल नाही, सूर्यसुद्धा नीटसा नाही.
अदिसानं बाकाचं एक टोक उचललं, दुसरं पोरीनं,
आणि पावलं मोजत ठेवला
चार मीटर उत्तरेला.

तिथे सध्या रस्ता आहे.
ट्रोट्रो कचकन थांबला, मागे टॅक्सी,
टॅक्सीमागे ओंडके, साखळ्या खणखणल्या,
हॉर्नला हॉर्न भिडला.
ती बाकावर बसून मान वर करून बघत होती,
पोरगीही.

थांबलेल्या गाड्या मोजायच्या की नाही
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.