रिक्त संच

ग्रिम्सबीला, चर्चच्या मागल्या हॉलात
दर गुरुवारी अन्नाची खोकी भरतात.
मॉरीनबाई म्हणाल्या, तू कॉम्प्युटरवाला ना?
मग एवढं करून दे:
चिठ्ठीत लिहिलेलं सगळं खोक्यात आलंय का,
हो की नाही.

चार ओळींचं काम.
चिठ्ठीतली एकेक वस्तू घ्यायची, खोक्यात हुडकायची,
एक जरी सापडली नाही तर नाही.
खोक्यात जास्तीचं असलं, असू दे.
क्रम मागेपुढे झाला, होऊ दे.
बीन्सच्या आधी चहा आला म्हणून कुणी उपाशी राहत नाही.

मग मी हुशारी केली.
वेग वाढावा म्हणून दोन्ही याद्यांचे संच केले
(वीस खोकी. कसला वेग!)
आणि संचात कुठलीही गोष्ट एकदाच राहते.
जुळ्यांच्या आईने लिहिलं होतं
दूध पावडर
दूध पावडर
खोक्यात एक डबा. पडद्यावर हिरवं: हो.
ती काही बोलली नाही. बसचा पास चाचपत निघून गेली.
मला कळलं पुढच्या गुरुवारी.
त्या रात्री मी प्रोग्रॅमला मोजायला शिकवलं.

त्यानंतर आले ऑल्ड्रिज. तरुणपणी ट्रॉलरवर होते म्हणे,
पार आइसलंडपर्यंत.
चिठ्ठीवर नाव, सही, तारीख. बाकी कोरी.
खोकंही अजून भरायचं होतं.
पडदा हिरवा. हो, सगळं आलंय.

यात चूक काढता येत नाही.
भुसावळ, आठवी ब, खानापुरे बाई:
रिक्त संच हा प्रत्येक संचाचा उपसंच असतो.
कसा काय, बाई?
त्यातलं इथे नाही असं एक तरी दाखव.
मी फळ्याकडे बघत राहिलो.
नाही ना दाखवता येत? बस खाली.

बाई, बसलोच होतो इतकी वर्षं.

आता एक पाचवी ओळ आहे:
यादी कोरी असेल तर हो म्हणू नकोस, नाही म्हणू नकोस,
माणसाला बोलव.
मॉरीनबाई चहा घेऊन शेजारी बसल्या.
ऑल्ड्रिज कपाच्या कानात बोट अडकवून
हवेबद्दल बोलले, बंदराबद्दल,
पुन्हा हवेबद्दल.
कप रिकामा झाल्यावर, दाराकडे बघत:
मांजरासाठी काही असतं का तुमच्याकडे?

ते आमच्या कुठल्याच यादीत नव्हतं.