सोळा गुणिले सोळा

शटर अर्धं खाली ओढलं की माझा दुसरा धंदा सुरू होतो,
ज्यात एक पेसोही सुटत नाही.

दिवसभर आरी, रापी, मेण लावलेला दोरा.
वाल्दिव्हियातले बूट लवकर कुजतात,
नदी इथे माणसांच्या पायांत राहते.
रात्री त्याच टेबलावर कातड्याचे तुकडे बाजूला सारून
मी जुना लॅपटॉप उघडते.
त्याची एक बिजागरी बुटाच्या बकलाने बसवलेली.

मग अवजारं मांडते.

एक चित्रांचं. फुकटचं, अंगापिंडानं लहान.
सोळा चौकोन आडवे, सोळा उभे, बस्स.
एवढ्यात नावाडी बसवायचा,
त्याची टोपी, त्याचा आळस.
डोळ्याला वाट्याला येतो एकच ठिपका.
तो एक घर डावीकडे सरकवला
की गरीब माणूस लगेच संशयी दिसतो.

एक आवाजांचं. बटण दाबा, मनाला येईल ते ओरडतं:
नाणं, उडी, स्फोट, बेडकाला लागलेली उचकी.
चाळिसाव्यांदा दाबलं तेव्हा कुठे
वल्हं पाण्यात पडलं.
मी श्वास न घेता तो आवाज साठवला.

नकाशाच्या अवजारात नदी फरशांसारखी बसवते,
पाणी, पाणी, काठ, पाणी, चिखल,
आणि मासळीबाजाराच्या पायऱ्यांवर आडवा एक समुद्रसिंह.
खऱ्या बाजारातही तो असाच, गिऱ्हाइकांच्या वाटेत.
त्याला मी कधीही न हलण्याचा हक्क दिला आहे.

पाऊस माझा नाही. पाऊस एलाडिओनं केला.
चार चित्रं, प्रत्येकात अकरा तिरक्या रेघा.
चौथ्यावरून पहिल्यावर परत येताना
सांधा कुठे आहे, मला अजून सापडलेला नाही,
आणि सांधे शोधण्यावर तर माझं पोट आहे.
तो आता कालामाला, तांब्याच्या खाणीत,
जिथे छत्री विकणारा उपाशी मरेल.
पहिल्या वर्षी फाइली पाठवायचा. मग नुसते अंगठे.
मग तेही नाही.

राहिलं एक, इतिहास सांभाळणारं. त्याचा मला कंटाळा.
प्रत्येक बदलासोबत एक ओळ मागतं, तलाठ्यासारखं.
माझ्या ओळी: दुरुस्ती. दुरुस्ती. परत दुरुस्ती.

काल आन्सेल्मो आला होता, वय नऊ,
आईच्या सँडलचा पट्टा होईपर्यंत खेळत बसला.
म्हणाला, तुमची नाव धक्क्यातून आरपार जाते.
मी म्हटलं, जात नाही, मी ती लावते.
तो म्हणाला, बघा.
गेली.

रात्री मी मागे मागे गेले, एकेक ओळ उसवत,
जुनी शिवण उसवतात तशी, टाका तुटू न देता.
तीन वर्षांपूर्वीचा मंगळवार, पहाटे दोन वाजून सतरा मिनिटं.
त्याची ओळ:
"धक्क्याची टक्कर काढली. इसोलिना दर वेळी
शेवटी आपटते आणि मग चहासुद्धा घेत नाही. तिला कळणार नाही."

तीन वर्षं मला वाटत होतं, माझा हात सुधारला.

आधी राग आला. मग चहा ठेवला.
मग धक्का पुन्हा घट्ट केला, फळीफळीला अडवणूक,
आणि नाव सोडली.
आपटले.
आपटले.
समुद्रसिंहावर आपटले, तो हलला नाही.
नवव्यांदा नाव टोकाला घासून थांबली,
लागली म्हणावं की नाही, ते पंचाला विचारायला हवं.

अवजारानं ओळ मागितली. मी बराच वेळ
कर्सरची उघडझाप बघत होते. मग लिहिलं:
"धक्का परत घातला. कळलं. पाऊस तुझाच ठेवलाय,
त्यात एक रेघ कमी आहे का रे, तिसऱ्या चित्रात?"

कमी नाही. मी मोजल्यात.

सकाळी शटर वर केलं तर दारात एक म्हातारा,
हातात एकच बूट.
दुसरा कुठे विचारलं, तर म्हणाला, तो चांगला आहे.