खालची ओळ

मी पडद्याच्या तळाशी राहतो.
दोन ओळींत, पांढऱ्या अक्षरांत,
वाचणाऱ्याला दोन सेकंद, फार तर तीन.
आधी शालिमारला लग्नपत्रिका जुळवायचो,
चि. सौ. कां. आणि आमचे येथे श्रीकृपेकरून.
आता सिनेमांच्या पायाशी बसतो.
कामात फारसा फरक नाही:
दुसऱ्याचं बोलणं, ठरलेल्या जागेत.

महोत्सवाचं तिसरं वर्ष. जानेवारी.
सातपूरच्या सभागृहात लोखंडी खुर्च्या
बसणाऱ्याआधीच गारठलेल्या.
फलकावर ‘माणूस म्हणून जगण्याचा हक्क’,
त्याखाली एका बिल्डरचं नाव,
मग एका वाइनरीचं.

सिनेमा बावीस मिनिटांचा, पवळीबाई भोयेचा.
पेठच्या पलीकडून दिवाळीनंतर दिंडोरीला,
टेम्पोत उभ्याने.
थिनिंग, मग औषधाच्या मगात एकेक घड बुडवायचा,
बाग संपेपर्यंत, नखं पिवळी होईपर्यंत.
तिने घड बुडवले, मुकादमाने पैसे.
मराठीत दोन्हींना क्रियापद एकच आहे,
हे मला टाइप करताना कळलं.

घराच्या कुडावर कोळशाच्या त्रेचाळीस रेघा.
कॅमेरा त्यांच्यावरून सावकाश जातो
आणि ती एकच शब्द बोलते.

मी तो आधी जसाच्या तसा लिहिला होता.
केंगे सर म्हणाले, कोरडा वाटतो रे,
दुकानातला वाटतो. आपला विषय काय?
मी बदलला.
सरांना दोष देत नाही,
बायकोच्या पाटल्या ठेवून त्यांनी हॉल घेतलाय.

तिला पहिल्या रांगेत बसवलं. शाल, नारळ.
अंधार झाला, ती भिंतीएवढी झाली,
आणि तिने सगळ्यात आधी ओळखलं
चुलीमागचं मांजर.
हे गेलं, शेजारच्या प्राध्यापिकाबाईंना म्हणाली,
मागल्या अमावास्येला.
चौदाव्या मिनिटाला तो शब्द आला
आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.
ती वळून बघत राहिली, काय झालं म्हणून.

नंतर बाहेर, चहा-चिवड्याच्या टेबलापाशी,
तिने मला गाठलं.
माझ्या पायाखाली काय लिहीत होतास?
मी सांगितलं.
टाळ्या वाजल्या तेव्हा काय होतं?
‘आमचा हक्क.’
हे मी नाही बोलले.
मी हिशोब बोलले.

(हे मी पुन्हा माझ्या मराठीत करून सांगतोय.
तिच्या बोलीत ते आखूड होतं, आणि टणक.)

हक्क देणारा लांब कुठंतरी असतो, म्हणाली,
दिला तर दिला.
हिशोबाला समोर येऊन बसावं लागतं.

मग चिवड्यातले दाणे वेचत,
तुला याचे किती मिळाले?
मिनिटामागे ऐंशी ठरलेत.
ठरलेत, का मिळालेत?
मी चहावरची साय बाजूला करत बसलो.
मागच्या वर्षीचे तरी?
फलक उतरवत होते. त्याची एक दोरी सुटेना.
ती हसली,
वरच्या काळ्या हिरडीसकट सगळं तोंड उघडून.
बावीस मिनिटांत कुठेही नाही ते हसू.

रात्री फाईल उघडली.
नाव: अंतिम, खरंच अंतिम, दोन.
उद्या हरसूलच्या आश्रमशाळेत पुन्हा खेळ आहे,
तिथली पोरं ऐकतीलच तिचं तिचं,
त्यांना माझी ओळ लागणार नाही.
तरी चौदाव्या मिनिटावर गेलो, हक्क खोडला.
हिशोब एका अक्षराने लांब.
बसला.

मग गळ्यातला पास काढून उलटा केला
आणि त्याच्या कोऱ्या पाठीवर बॉलपेनने
एक रेघ ओढली. दुसरी. तिसरी.
कारखान्यात तिसऱ्या पाळीचा भोंगा झाला
तेव्हा मी अजून
मागच्या वर्षातच होतो.