पंचवीस तारखेचा बेत

कारखान्याच्या कॅलेंडरचं नोव्हेंबरचं पान
फाडलं, उलटं केलं आणि लिहायला बसले.
पहिली ओळ: तांदूळ.
दुसरी ओळ: इशाया किती खातो?
हे आता कुणाला विचारायचं?

लादीचा नातू. पुण्यात शिकतो.
नाताळात होस्टेल ओस पडतं, म्हणाला फोनवर,
आणि मी विचार न करता 'सांगलीला ये' म्हणून बसले.
फोन ठेवल्यावर घाम फुटला.

आमच्याकडं लादी म्हणजे फरशी,
हे तिला मी पहिल्याच दिवशी सांगितलेलं,
पायानं जमीन ठोकून.
ती हसत हसत फरशीवरच बसली,
मग हवेत दोर ओढून चर्चची घंटा वाजवली.
रविवारी जन्मलेली, असं म्हणत होती.
कळायला मला चार महिने लागले.
नेमगोंडा तेव्हा नुमानच्या साखर कारखान्यात फिटर.
खिडकीतून बेन्वे दिसायची, केवढी रुंद,
आणि मी डोळे बारीक करून
तिची कृष्णा करायचा प्रयत्न करत असे.

तर, जोलोफ भात.
टोमॅटो तेल सुटेस्तोवर परतायचे. तळ लागलाच पाहिजे.
इथं तळ लागला की सून कपाळाला हात लावते,
तिथं खरवडीवरून भांडणं व्हायची.
त्यांची मिरची बुटकी, टोपी घातल्यासारखी,
वासानंच डोळे भरणारी.
गणपती पेठेतून लवंगी आणू, रंगाला ब्याडगी.
ताडाचं लाल तेल मिळायचं नाही.
करडईच्या तेलात हळद घालू,
हळदीला तरी सांगलीत तोटा नाही.

मोई-मोई: चवळी भिजवून, चोळून सालं काढून,
वाटून पानात वाफवायची.
केळीचं पान परसात आहे.
झोबोला लाल अंबाडीची बोंडं,
कवलापूरच्या भाजीवालीला सांगून ठेवलंय.
'सरबत करता? अंबाडीचं?' म्हणून ती दोनदा हसली.
पिकली राजेळी केळी वेफर्सवाल्या मल्याळ्याकडं.
चिनचिन म्हणजे तर शंकरपाळ्याच,
दिवाळीच्या डब्यात तळाशी आहेत थोड्या,
नाव बदलून वाढू.

एगुसीला कलिंगडाच्या बियांचा मगज. भाव ऐकून पाव किलोच.
पालक दोन जुड्या.
आणि इथं पेन थांबतं.

एगुसीत सुकट लागते.
सुकटीशिवाय ती एगुसी नाही,
बियांची आमटी.
आणि या घरात आजवर अंडंसुद्धा आलेलं नाही.

लादीनं माझ्यासाठी बाजारातून पातेलं आणलेलं,
निळ्या काठाचं. कानाला लाल दोरा.
चुकून कुणी त्यात आपला डाव घातला
तर डावासकट त्याला अंगणात काढायची.
अकरा वर्षं.
दिवस मावळायच्या आत मला वाढायची,
मग हात धुऊन स्वतःच्या पातेल्याकडं वळायची.

आज सकाळी बस्तीतून येताना
हरभट रोडला वळले, पातेलं घेतलं.
पिशवी घरात नेली नाही, थेट दिलशाद मुजावरकडं.
सुकट ती आणेल, शिजवेलही तिच्या चुलीवर.
मी कुंपणाच्या अलीकडून सांगणार:
आता बिया. आता पालक. आता झाकण ठेव.

सून विचारते, 'आत्ती, दोरा कुठल्या रंगाचा बांधू?'
तिला वाटलं मी ऐकलं नाही.
मी नेमगोंडांच्या फोटोचा हार सरळ करत होते,
जो सरळच होता.

संध्याकाळी इशायाचा फोन.
'आजीनं बजावलंय,
त्या घरात मासळीचं नावसुद्धा काढायचं नाही.
मला काहीही चालतं, आंटी. नुसता भातसुद्धा.'

बरं, म्हटलं.
गाडी मिरजेला येते की सांगलीला, तेवढं विचारलं.
पातेल्याचं काही बोलले नाही.
मग पान पुढ्यात ओढलं,
दुसरी ओळ खोडली
आणि पहिलीपुढं लिहिलं: दोन किलो.