झिजल्याचं माप

कातरीनबाय गोराईहून यायची,
खाडी ओलांडून, दोन बसा बदलून,
आणि कुर्ल्यातल्या माझ्या गाळ्यात, लेथच्या कडेला,
केळीच्या पानात गुंडाळलेला लोखंडाचा तुकडा ठेवायची
पापलेट ठेवावं तसा, अलगद.
"यो बघ. असाच पायजे. पन जरासा येगला."

मापाला तिच्याकडे पट्टी नव्हती.
बांबूची एक चिपटी, तिच्यावर कोयत्याच्या खाचा.
एक टिलरच्या शाफ्टवर चढणाऱ्या बुशची,
एक पाण्याच्या पंपाची,
आणि तिसरी कशाची ते तिलाच आठवेना.
"असू दे. लागल कवातरी."

मी व्हर्नियर काढला, डोळ्याला चष्मा लावला.
चिपटीची खाच तिने आणलेल्या तुकड्याला जुळेना,
अर्ध्या मिलिमीटरची चूक.
चाळीस वर्षं हा हात लेथवर आहे,
मनातल्या मनात हसलो
आणि आकड्याबरहुकूम बुश करून दिला,
पितळेचा, आत तोंड दिसेल असा.

आठवड्याने ती परत आली.
रागावली असती तर बरं झालं असतं.
"तुजा माप बरोबर हाय, बाला.
पन शाफ्ट गोल रायलाय कुटं?
एकोनीस वरसां एकाच कुशीवर झिजलाय तो.
गोल घातला तर खडखडनारच."

ती गेल्यावर चिपटी उजेडात धरली.
पहिली खाच एक नव्हतीच.
दोन होत्या, एकमेकींना खेटून:
एक उभ्या मापाची, एक आडव्या.
मला वाटलं होतं, म्हातारीचा हात थरथरला.

मग लेथ बंद केला
आणि कानशीने, संध्याकाळ होईपर्यंत,
बाहेरून गोल, आतून किंचित अंड्यासारखा
एक बुश घासत बसलो.
आयुष्यात पहिल्यांदा मुद्दाम वाकडं काम,
आणि ते सरळ कामाहून कठीण.

बसवायला मीच गेलो. होडीत गुडघ्यावर पान्हे.
वांग्यांच्या वाफ्यांपल्याड तिचा टिलर उभा होता,
त्याच्या रेडिएटरवर कुकरची शिट्टी.
पाणी उकळलं की ती वाजते,
ही वाफ्यातून ओरडते, "आले, आले!"
जशी स्वयंपाकघरात कुणी ओरडावी.
तेलाच्या बोल्टाला आतून
जुन्या स्पीकरचा लोहचुंबक चिकटवलेला,
लोखंडाचा कीस धरून ठेवायला.
ग्रीस भरायला गुरांच्या डॉक्टरची पिचकारी.
आणि विहिरीत लोणच्याची एक बरणी तरंगत होती.
पाणी तळाला गेलं की बरणी खाली बसते,
दोरी ताणते,
इंजीन आपोआप गप्प.

विचारलं, "हे कुणी शिकवलं?"
"पंप जळला ना दोन वेला. त्यानंच."

बुश बसला. टिलर दोनदा खोकला
आणि मग असा चालू लागला की
बांधावरचे बगळेसुद्धा उडाले नाहीत.
तिने पैसे मोजून दिले, वर पोतंभर वांगी,
आणि माझ्या लेथखाली साठलेला पितळेचा कीस मागितला.
म्हणे, रोपांभोवती पसरते,
गोगलगाई त्यावरून येत नाहीत, पोट टोचतं त्यांचं.
मी तो कीस किलोवर भंगारवाल्याला देत आलो होतो.

गाळा आता भाचा बघतो.
त्याच्याकडे कॉम्प्युटरवर चालणारं मशीन आहे,
केसाचाही दहावा भाग कापून देतं,
आणि कातरीनबाय येत नाही,
टिलर मुलाने विकला म्हणतात, शिट्टीसकट.

चिपटी मात्र माझ्या खणात राहिली.
अधूनमधून काही हाती आलं,
नळाचा तुकडा, पंख्याचा दांडा, चाव्यांची कडी,
की तिसरी खाच लावून बघतो.
अजून कशालाच बसलेली नाही.