अक्षर बदलतं तिथे

सेंट बार्थोलोम्यूच्या किल्ल्या बावीस वर्षं माझ्याकडे आहेत.
पुढच्या दाराची पितळी, मिरवायची.
घंटाघराची, जिथे घंटा नाही;
ती बासष्ट साली वितळवून तोफ केली,
तोफेचं पुढे काय झालं ते कुणी काढत नाही.
आणि तळघराची, जी एका झटक्यात फिरत नाही,
किंचित वर उचलून धरावी लागते
हट्टी म्हाताऱ्याच्या हनुवटीसारखी.

या शहरात चौकागणिक चर्च.
मेथडिस्ट भांडले, वेगळे झाले.
बाप्टिस्ट भांडले, रस्ता ओलांडून समोरच राहिले.
प्रेस्बिटेरियनांचा मनोरा चार फूट उंच निघाला
म्हणून आमच्या पंचांनी क्रूस बदलला.
पाद्र्यांच्या तसबिरी ओळीने:
एकाचे कल्ले, एकाचा सोनेरी चश्मा,
एकाने शास्त्रातून गुलामीचे दाखले शोधून
सलग अकरा रविवार वाचले.
त्याच्या नावाचं सभागृह आहे.
तिथे आम्ही बटाट्याचं सॅलड वाढतो.

पण मला सांगायचंय ते रेव्हरंड लेमुएल गॅडस्बींचं.

चोपन्नचा पिवळा ताप.
बग्गी होती ते डोंगराकडे गेले,
डॉक्टरांतलेही काही गेले.
हवा शुद्ध व्हावी म्हणून कोपऱ्याकोपऱ्यावर डांबराची पिंपं पेटवली,
दुपारी दिवे लावायची वेळ आली.
गॅडस्बी राहिले.
दफनांच्या वहीत त्यांचं अक्षर तिरपं, सुबक,
प्रत्येक टीची आडवी रेघ शिडासारखी.
पाच सप्टेंबर, नऊ नावं. सहाला चौदा.
आठला रेघ थरथरते.
नऊला एक नाव अर्धंच.

दहाला अक्षर बदलतं.

मोठं, उभं, दाबून काढलेलं;
पानाच्या पाठीवरून बोट फिरवलं तर हाताला लागतं.
स्पेलिंग चुकलेली. तारीख एकही चुकलेली नाही.
पहिलंच नाव: लेमुएल गॅडस्बी, पाद्री, वय एकतीस.
मग पुढे एकोणीस दिवस.

आणखी एक फरक, तो मला दिसायला तीन वर्षं लागली.
गॅडस्बींच्या पानांवर काळी माणसं तळाशी, एका ओळीत:
अमक्याचे नोकर, दोन.
या हाताने ती मधेच लिहिली, जशी मेली तशी,
नावानिशी.
डोर्कस. कफी. म्हातारी हॅगर.
डोर्कसचं बाळ, नाव ठेवायचं राहिलं.

गुलामाला अक्षर शिकवणं तेव्हा गुन्हा होता.
खड्डे खणायला, घंटा ओढायला इथे एक टायटस होता.
मालमत्तेच्या यादीत, बाकांच्या खाली, समयांच्या वर:
टायटस, घंटेवाला, दमेकरी, चारशे डॉलर.
मी म्हणत नाही की तोच.
ऑक्टोबरात बिशपांनी नवा पाद्री धाडला,
त्याने कोरं पान उघडलं, मागचं विचारलं नाही.
विचारलं असतं तर कुणाला तरी उत्तर द्यावं लागलं असतं.

युद्ध संपल्यावर एका रविवारी
माडीवर बसणारे सगळे उपासना अर्ध्यात असताना उतरले.
जिना बाहेरून होता,
त्यामुळे खाली कुणाला कळलं नाही म्हणे,
फक्त स्तोत्र एकदम बारीक झालं.
त्यांनी गोदीजवळ विटांचं चर्च बांधलं.
माझा बाप्तिस्मा तिथला.
इथे मी पगारावर आहे.

यंदा दोनशेवं वर्ष.
समितीने काचेची पेटी करवली, आत निळी मखमल,
वही उघडून ठेवली गॅडस्बींच्या शेवटच्या पानावर.
ती थरथरती रेघ पाहून लोक डोळे टिपतात.
टिपावेच. माणूस पळाला नाही.

पण काच पुसायचं काम माझं.
शनिवारी पेटी उघडते, पान उलटते.
सोमवारी ते परत जागच्या जागी.
कुणी कुणाला बोलत नाही,
कॉफीला भेटलो की हवापाणी विचारतो.

या शनिवारी पाहिलं तर
शिवणीपाशी, दहा तारखेच्या ओळीवर
कुणीतरी लाल रेशमी फीत ठेवलेली.
माझी नव्हे.