एका मैलाचा चषक

दर दोन-चार वर्षांनी तो माझ्या पाटावर येतो,
मनामाच्या सोनारबाजारात, हाजी मकींच्या दुकानात,
जुन्या टॉवेलात गुंडाळलेला.
आधी रिठ्याचं पाणी. मग ब्रश. मग माझा अंगठा.

हुपरीत मी पैंजणांवर मासोळ्या कोरायचो.
इथे आकडे कोरतो.

सर्वांत वर तेलकंपनीतला एक साहेब,
साल सत्तावन्न, वेग मैलांत.
त्याच्याखाली त्याचाच मेहुणा, नॉटमध्ये.
मग एक इटालियन, किलोमीटरमध्ये,
आणि आकडा एकदम असा उडी मारतो
की वाटावं, पाणीच घाबरून बाजूला झालं.
निम्मी उडी मापाची.

दुसऱ्या आणि तिसऱ्या नावामध्ये चांदी खोलगट आहे.
डोळ्यांना दिसत नाही. नखाला कळतं.

जासिम खलफ, हाजी मकी सांगतात.
मोती काढणाऱ्या पाणबुड्याचा मुलगा.
लाकडी होडी, तिच्यावर विमानाचं भंगारातलं इंजिन.
सित्र्याजवळून सुटला तेव्हा
किनाऱ्यावरच्या गाढवांनी दावी तोडली.
मकींच्या वडिलांनी दम धरला नाही,
त्याच दुपारी नाव कोरून मोकळे झाले.

पण नियम असा:
तासाच्या आत तोच मैल उलटा कापायचा.
जाणं-येणं मिळून सरासरी, तोच विक्रम.
वारा पाठीशी असला की जायला काय, कुणीही जातं.

येताना भरतीखाली बुडालेलं होतं
खजुराच्या काठ्यांचं, मासे अडवायचं कुंपण.
जासिम वाचला. होडी नाही.
संध्याकाळी वडिलांनी नाव घासून काढलं
आणि मजुरी दोन्ही वेळची लावली.
हे सांगताना हाजी दर वेळी हसतात,
मग चहा मागवतात.

आज नवं नाव आलंय. पोरगा बावीसचा.
समितीचा माणूस बोट ठेवून म्हणाला,
ही जागा रिकामीच आहे की.
म्हटलं, पत्रा पातळ झालाय, कलम आरपार जाईल.
अर्धं खरं.
कोरलं खाली, बैठकीवर.

रात्री घरी फोन केला.
दोन वर्षं सांगून निघालो होतो, एकोणीस झाली,
त्यावर आता आम्ही दोघंही बोलत नाही.
रिठे संपत आलेत, म्हटलं,
कुणी इकडे येत असेल तर पाठव.
ती म्हणाली,
तिकडे यायला काय, रोज कुणीतरी असतंच.